लीलोच्या नावाचं पीठ

"मीठसुद्धा?" निन्फानं नवऱ्याला विचारलं.

"मीठसुद्धा," गास्पारे म्हणाला. "माझ्या घरातलं काही नाही, सगळं मागून. नवस तसाच बोललोय मी."

"आणि पाणी? तेही भांडं घेऊन शेजारी मागणार का?"

"पाणी देवाचं असतं."

"अगंबाई! हे तुम्हाला कधीपासून कळायला लागलं?"

परातीभोवती बसलेल्या बायका खुदखुदल्या. गास्पारे मात्र हसला नाही आणि चिडलाही नाही. सकाळच्या दोन फेऱ्यांत जमलेलं पीठ त्यानं परातीत ओतलं, रिकामी टोपली झटकली आणि अनवाणी पायांनी पुन्हा उंबऱ्याशी जाऊन उभा राहिला. निन्फा त्याच्या पायांकडे पाहत राहिली. उजव्या टाचेला चीर पडली होती. मार्चातला दगड अजून गारठलेला होता.

घर ओळखू येत नव्हतं. पुढच्या खोलीतली खाट बाहेर काढली होती, भिंतीला तमालाच्या हिरव्या फांद्यांची कमान बांधली होती, तिच्यात लिंबं आणि संत्री ओवून टांगली होती. परवा संत योसेफाचा सण. तोवर या कमानीखाली पांढऱ्या चादरींच्या तीन पायऱ्या मांडून त्यांवर पाव रचायचे होते. दाढीच्या आकाराचा पाव, काठीच्या आकाराचा, शिडीचा, हातोडीचा. मग गावातली तीन गरीब माणसं योसेफ, मारिया आणि बाळ येशू होऊन दार ठोठावणार, आणि घरच्यांनी उभं राहून त्यांना वाढायचं. उपवासकाळ असल्यानं मांस नाही, चीज नाही. हातशेवयांवर भाजलेल्या पावाचा चुरा पेरायचा, योसेफाच्या सुतारशाळेतला भुसा म्हणून.

हे सगळं या घरात होईल असं कोणी शनिवारपर्यंत सांगितलं असतं, तर निन्फानं त्याला वेड्यात काढलं असतं. अकरा वर्षांपूर्वी एका दुपारच्या गारपिटीत सगळा द्राक्षमळा झोपला, त्या संध्याकाळी गास्पारेनं भिंतीवरची योसेफाची तसबीर उलटी केली होती. "बघ आता भिंत," तो संताला म्हणाला होता. तेव्हापासून संत भिंत बघत होता आणि गास्पारे देवळाच्या पायरीकडे फिरकला नव्हता.

शनिवारी तंबाखूवाल्याच्या दुकानात रेडिओनं सांगितलं, बेल्जियममध्ये कोळशाच्या खाणीला आग लागली. खाणीचं नाव ऐकलं आणि दुकानातल्या सगळ्यांनी गास्पारेकडे पाहिलं. त्याचा मुलगा लीलो तिथंच कामाला होता. वर किती आले, खाली किती राहिले, कोणालाच ठाऊक नव्हतं. नावं नव्हती. गास्पारे घरी आला, कोणाशी न बोलता खुर्चीवर चढला, तसबीर सरळ केली, बाहीनं जाळी पुसली आणि तिथंच, खुर्चीवर उभ्याउभ्याच, बूट काढले.

रविवारी तो देवळात मिस्सेला गेला. इतकी डोकी एकदम मागं वळली की वेदीवर एपिफानिओ पाद्री प्रार्थनेतली एक ओळ दोनदा म्हणाले. त्यानंतरचं त्याचं पापनिवेदन एवढं लांबलं की रांगेतल्या तिघीजणी उठून गेल्या, घरी वाल करपतील म्हणून.

पाद्रीबाबांनी त्याला समजावलंही होतं. "गास्पारे, संताचं जेवण कृपा झाल्यावर घालतात. आजारी बरा झाला, हरवलेला सापडला की मग. आधीच घातलंस तर ती लाच होते."

"तर लाच समजा, बाबा," गास्पारे म्हणाला होता. "मला थांबवत नाही."

"चला, प्रोविदेन्झा," त्यानं आता मुलीला हाक मारली. "समोरची बाजू राहिलीय."

निन्फानं मान वर केली. गल्लीच्या समोरच्या बाजूला आठ दारं होती. त्यांतलं पहिलंच दार ओनोफ्रिओचं, गास्पारेच्या सख्ख्या भावाचं. गेली दोन वर्षं दोन्ही दारं समोरासमोर होती आणि एकमेकांना ओळखत नव्हती.

"एकही दार वगळणार नाही, असं बोललात ना नवसात?" निन्फानं हळूच विचारलं.

"बोललो. वगळणार नाही." गास्पारेच्या आवाजात पहिल्यांदाच जरा चलाखी आली. "पण तो ईस्टरपर्यंत वर कुरणात आहे, कोकरांपाशी. मी दार ठोठावीन, संताच्या नावानं हाक देईन. आत कोणी नसलं तर त्याला मी काय करू?"

"म्हणजे संतालाही फसवणार!"

"दारामागं माणूस असायलाच हवा, असं नवसात कुठं आहे?"

*

प्रोविदेन्झा टोपली घेऊन बाबांच्या दोन पावलं पुढंच चालत होती. तिला स्वतःचीच लाज वाटत होती. भाऊ आगीत असेल नसेल, आणि तिला मात्र सकाळपासून जत्रेला निघाल्यासारखं होत होतं. पण सगळ्या गल्लीलाच तसं झालं होतं. पहिल्या फेरीत बाबांचा आवाज उंबऱ्याच्या आतही पोचत नव्हता. 'संत योसेफाच्या नावानं' एवढे तीन शब्द त्यांना जड होत होते. ज्या माणसानं आयुष्यात कोणाकडे विळासुद्धा उसना मागितला नव्हता, तो ओंजळ पुढं करून उभा राहिला की देणाऱ्यालाच अवघडल्यासारखं व्हायचं. दुसऱ्या फेरीत बाया खिडक्यांतूनच ओरडायला लागल्या, "इकडं या, गास्पारे! माझ्याकडं आधी!" कोणी पीठ दिलं, कोणी बडीशेपेची जुडी, कोणी खारवलेले मासे, एकीनं रडत रडत सहा अंडी दिली आणि वर म्हणाली, "तुमच्या त्या गाढवानं माझा वाफा तुडवला होता, तेही माफ केलं." आता बाबांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जात होता.

आणि ओनोफ्रिओकाकांच्या दारासमोर तो आवाज थांबला.

"बाबा," प्रोविदेन्झा म्हणाली, "धूर."

काकांच्या धुराड्यातून पातळ, सरळ धूर वर चालला होता.

गास्पारेनं वर पाहिलं. "कोकरं टाकून आला?"

"आलेत खरे."

"पुढच्या दारी जाऊ. हे शेवटी करू."

"शेवटी केलं तर धूर जाणार आहे का?"

"तू माझी मुलगी आहेस की त्याची वकील?"

"मी लीलोची बहीण आहे," प्रोविदेन्झा म्हणाली, आणि हे बोलण्याचं धाडस कुठून आलं ते तिला कळलं नाही. "तुम्ही या दारासमोरून तसेच गेलात तर पाव फुगणार नाही, बाबा."

"यानंच धाडला लीलोला. कागद यानं केले, शिक्का यानं आणला, स्टेशनवर यानं पोचवला. माझ्या पोराला जमिनीखाली यानं घातला."

"ठाऊक आहे. दोन वर्षं ऐकतेय."

तो आणखी काही बोलणार, तोवर तिनं दार ठोठावलं होतं.

*

आत ओनोफ्रिओ सकाळपासून दाराशी खुर्ची टाकून बसला होता.

पहाटेच कोकरं जोडीदाराच्या हवाली करून तो मिठासाठी खाली उतरला होता. गावाच्या वेशीवर लोहारानं त्याला एका दमात दोन बातम्या दिल्या. लीलोच्या खाणीला आग लागली, आणि गास्पारे संताचं जेवण घालतोय. पहिली ऐकून ओनोफ्रिओनं छातीवर क्रूस केला, दुसरी ऐकून तो हसला. जेवण! म्हणजे तार आली. म्हणजे सगळं कळलं. पोरगं स्वतःच बोललं असेल तर सोन्याहून पिवळं, निदान आपल्याला शब्द मोडायला नको.

मग त्याच्या लक्षात आलं, नवसाच्या फेरीत दार वगळता येत नाही. दादाला इथं यावं लागेल. तो घाईनं घरी आला, चूल पेटवली, पाणी तापवून दाढी केली. बायको गेल्यापासून त्यानं घरात आरसा ठेवला नव्हता, त्यामुळं हनुवटीला दोनदा कापलं. उत्तम गव्हाच्या पिठाचं अख्खं पोतं ओढत आणून त्यानं दाराशी उभं केलं आणि बसून राहिला. सकाळभर दादाचा आवाज कधी खालून, कधी वरून ऐकू येत होता, आणि प्रत्येक वेळी तो उठून पुन्हा बसत होता.

दार वाजलं तसं त्यानं ते असं उघडलं की कडी भिंतीवर आपटली.

"दादा! आली ना तार? ये, ये, आत ये! पोरी, तू किती उंच झालीस!"

गास्पारे जागचा हलला नाही. "कसली तार?"

"लीलोची."

"थट्टा करतोस?" गास्पारेचा चेहरा पांढरा पडला. "माझ्या दारात तार नाही, नाव नाही, काही नाही, आणि तू दाढी करून मला हसतोस?"

"तार नाही?" ओनोफ्रिओला काही समजेना. "मग जेवण कशाचं?"

"आधीच घालतोय. तो वाचावा म्हणून."

"आधीच? आधी जेवण कोण घालतं, दादा? आपल्या गावात कधी कोणी घातलंय?"

"मी घालतोय! तुला काय करायचंय? नवस म्हणून तुझ्या दारी आलोय. पीठ देतोस की जाऊ?"

ओनोफ्रिओनं दाराची चौकट धरली. शनिवारी संध्याकाळपासून आज सोमवार दुपारपर्यंत. दोन रात्री. हा माणूस दोन रात्री पोराला जळताना बघत होता, आणि आपण डोंगरावर कोकरांना दूध पाजत होतो. खाली आल्यावरही अर्धा दिवस खुर्चीत बसून दाढी चाचपत होतो.

"दादा," तो म्हणाला, "तो खाली नव्हताच."

"काय?"

"तो खाली नव्हता रे! तीन आठवडे झाले त्याला वर येऊन. मी शब्द दिला होता त्याला, तुला सांगणार नाही म्हणून. मला वाटलं आता तुला कळलंय. देवा, मला वाटलं कळलंय!"

तो आत धावला, फडताळातला बिस्किटांचा डबा पाडला, कागद गोळा केले आणि त्यांतला एक प्रोविदेन्झाच्या हातात कोंबला. दोन्ही भावांना वाचता येत नव्हतं. ओनोफ्रिओला ते पत्र परगावच्या एका फेरीवाल्यानं दोनदा वाचून दाखवलं होतं, आणि लीलोचं नाव कुठं आहे ते त्याला बरोबर ठाऊक होतं. त्यानं त्यावर बोट ठेवलं.

प्रोविदेन्झानं टोपली खाली ठेवली. अक्षर भावाचंच होतं, पुढं झुकलेलं, घाईतलं.

"'काका, बाबांना हे कळू देऊ नका,'" ती वाचायला लागली. "'मी वर आलो. जानेवारीत छत कोसळलं त्या दिवसापासून खाणीत उतरवणारा पिंजरा खाली जायला लागला की माझे हात थरथरतात, धरून ठेवले तरी थांबत नाहीत. मुकादम चांगला आहे. त्यानं मला वरती दिव्यांच्या खोलीत घातलंय. पगार कमी आहे. मी दिवे पुसतो, भरतो, आकड्याला लावतो. प्रत्येक माणूस माझ्या हातून दिवा घेऊन खाली जातो आणि वर आला की माझ्याच हातात देतो. बाबांना मी स्टेशनवर म्हणालो होतो, मला कशाची भीती वाटत नाही. आता त्यांना काय तोंड दाखवू? लिबोरिओ मला हसतो. पण म्हणतो, ईस्टर झाला की मीही वर येतो, तुझ्याशेजारी एक आकडा माझ्यासाठी ठेव.'"

पुढं नमस्कार होते, आणि आईच्या खोकल्याची चौकशी.

गास्पारे उंबऱ्यावर बसला. "पुन्हा वाच," तो म्हणाला. तिनं पुन्हा वाचलं. "ते हाताचं." तिनं तेवढंच तिसऱ्यांदा वाचलं. आणि मग दोन वर्षांत घरात कोणी ऐकलं नव्हतं असं तो हसायला लागला, डोळ्यांतून पाणी दाढीत उतरत होतं, "घाबरला! अरे, माझा पोर घाबरला! शहाणा निघाला, ओनोफ्रिओ, घाबरला! माझ्यासारखा मूर्ख नाही निघाला!"

"मग तार का नाही केली त्यानं?" प्रोविदेन्झानं विचारलं. आनंदात शंकेचं बोट घालायला तिला नको होतं, पण राहवलं नाही.

"तिकडं हजार घरांच्या तारा खोळंबल्या असतील," ओनोफ्रिओ म्हणाला. "आणि पोरी, कुणाचा दिवा आकड्यावर परत आला नाही, हे त्या खोलीतल्या माणसालाच ठाऊक असतं. त्याला तिथून कोण हलू देईल?"

*

निन्फा पिठाच्या हातांनीच धावत आली. समोरून गास्पारेच्या ओरडण्याचा आवाज ऐकून तिला वाटलं, भाऊ एकमेकांच्या उरावर बसले. प्रोविदेन्झानं तिला दोन वाक्यांत सांगितलं. निन्फानं दोन्ही हात वर केले आणि "लीलो!" अशी आरोळी ठोकली. दुसरी ठोकणार, तेवढ्यात गास्पारेनं उठून तिच्या तोंडावर हात ठेवला.

"गप," तो म्हणाला. "जिरोलामाच्या घरी ऐकू जाईल."

गल्लीच्या शेवटचं दार म्हाताऱ्या जिरोलामाचं, जिला सगळे मानानं दोन्ना म्हणत. लिबोरिओ तिचा एकुलता एक. दोन्ही पोरं एकाच गाडीनं गेली होती, एकाच डब्यातलं खात. शनिवारपासून तिची खिडकी बंद होती.

"पाय धुवा आता," निन्फा नवऱ्याच्या कानाशी म्हणाली. तिला कुजबुजणं जमत नव्हतं, आनंद श्वासाबरोबर बाहेर पडत होता. "बूट आणते. लेकरू वर आहे! राहिलेलं पीठ आपल्या कणगीतलं घेऊ, संत समजून घेईल."

गास्पारेनं आपल्या उघड्या पायांकडे पाहिलं. त्याच्या मनात काहीतरी उलटंपालटं होत होतं. शनिवारी तो खुर्चीवर चढून संताशी सौदा करून बसला होता, माझं पोर दे, मी जेवण घालतो. आणि पोर तर त्याच्याही तीन आठवडे आधी दिलेलं होतं. तो तोंड फिरवून बसला होता तेव्हा. काही न मागता, तसबीर भिंतीकडं असताना. मग लाच कशाची आणि सौदा कसला? सकाळपासून तो ज्याच्यासाठी दारोदार फिरला, ते त्याच्या ओंजळीत आधीच पडलेलं होतं, फक्त ओंजळ बघायला त्याला भावाच्या दारी यावं लागलं.

"सात दारं राहिलीत," तो म्हणाला.

"पण आता कशासाठी?"

"लीलोनं लिबोरिओच्या हातात दिवा दिला असेल. त्या सकाळी. त्यानंच दिला असेल, निन्फा."

निन्फाचे हात खाली आले. तिनं ओढणीनं डोळे पुसले, ओढणीला पीठ लागलं. मग ती खाली वाकली, टोपली उचलून तिनं मुलीच्या हातात दिली.

ओनोफ्रिओनं पोतं खांद्यावर घेतलं. "हे कुठं ठेवू?"

"मुकाट्यानं आमच्या घरात नेऊन ठेव," गास्पारे म्हणाला. "आणि परत ये."

तो परत आला तेव्हा त्याचेही पाय उघडे होते. मेंढपाळाचे पाय, कातड्यासारखे. गास्पारेनं त्यांच्याकडे पाहिलं. "तुला कोणी सांगितलं होतं?"

"तुला कोणी विचारलं?" ओनोफ्रिओ म्हणाला.

सहा दारं त्यांनी भराभर केली. दोघा भावांना एकत्र बघून बाया द्यायचंच विसरत होत्या, मग आठवून दुप्पट देत होत्या. "हे काय बघतोय आम्ही!" एक म्हातारी म्हणाली, "थांबा, मी चष्मा आणते." प्रोविदेन्झाला हसू येत होतं, पण नजर सारखी सातव्या दाराच्या बंद खिडकीकडे जात होती.

तिथं गास्पारेनं हाक मारली नाही. त्यानं फक्त दार वाजवलं.

बऱ्याच वेळानं कडी निघाली. दोन्ना जिरोलामा तीन दिवसांत वाळल्यासारखी झाली होती. हातात माळ होती, पण मणी पुढं सरकत नसावेत, ती नुसती आवळून धरली होती.

"तुझा सापडला," ती म्हणाली. "निन्फाची आरोळी ऐकली मी."

गास्पारेला खोटं बोलता आलं नाही. "सापडला, दोन्ना जिरोलामा. तो वरती कामाला होता."

"आणि माझा?"

"माझ्या पोराला ठाऊक असेल, पण त्याच्याकडून अजून काही आलं नाही."

तिनं मान हलवली. "बरं झालं तुझं. देवाची दया. मग आता माझ्या दारात काय मागतोस? तुझं तर झालं."

"लिबोरिओसाठी मागतोय."

ती त्याच्याकडे बघत राहिली, मग त्याच्या टाचेकडे, मग ओनोफ्रिओच्या पायांकडे.

"मी नवस बोललेच नाही," ती म्हणाली. "बोलायची भीती वाटली. बोलले आणि संतानं नाही म्हटलं तर?"

"मीही घाबरूनच बोललो होतो," गास्पारे म्हणाला. "शहाणपणानं नाही. परवाचं जेवण तुमच्या पोराच्या नावानं. योसेफ, मारिया आणि बाळ दाराशी आले की दार तुम्ही उघडायचं."

"माझ्याकडे द्यायला काही नाही, गास्पारे. तीन दिवस चूल पेटलेली नाही. पिठाचा डबा कुठं आहे तेही सुचत नाही."

"नसू दे."

मग जिरोलामानं माळ गळ्यात घातली. दाराच्या चौकटीला हात टेकवून तिनं आधी एक चप्पल काढली, मग दुसरी, आणि दोन्ही नीट भिंतीशी लावून ठेवल्या. दगडावर पाय टेकताच तिचा श्वास अडखळला. ती प्रोविदेन्झाजवळ आली आणि टोपलीची एक कडी तिनं आपल्या हातात घेतली.

"पुढचं दार कुठलं?" तिनं विचारलं.

"संपली, दोन्ना जिरोलामा," प्रोविदेन्झा म्हणाली. "तुमचंच शेवटचं होतं. नवस एवढ्याच गल्लीचा होता."

"तो तुमच्या पोराचा," जिरोलामा म्हणाली. "माझ्या पोराला अजून अख्खं गाव आहे."

आणि टोपलीला असा हिसका देऊन ती चढाकडे वळली की प्रोविदेन्झाला तिच्यामागं धावावं लागलं. दोघं भाऊ मागोमाग निघाले. वळणावर पुढच्या गल्लीचं पहिलं दार आलं, आणि गास्पारेनं तोंड उघडण्याआधीच त्या म्हातारीचा आवाज दगडी भिंतींवर आपटून वर चढत गेला, चिरका, मोठा, तीन दिवस आवळून धरलेला:

"संत योसेफाच्या नावानं द्या हो! लिबोरिओसाठी द्या!"